पुढे गेलेलं प्रस्थान

चौतीस वर्षं दत्तोपंतांनी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात रणगाड्यांचे ब्रेक तपासले. तपासायचे, कागदावर सही ठोकायची आणि बाजूला व्हायचं. त्या सहीवर भरवसा ठेवून बाकीचे लोक रणगाड्यात बसायचे. दत्तोपंत स्वतः एकदाही बसले नाहीत. ब्रेक किती तऱ्हांनी निकामी होऊ शकतात हे त्यांना तोंडपाठ होतं आणि असलं ज्ञान असलेला माणूस कुठल्याच वाहनात सुखानं बसू शकत नाही.

त्यामुळे निवृत्तीनंतर सहा महिन्यांत त्यांच्या बायकोनं, म्हणजे विद्युलताबाईंनी, गाडी चालवायला शिकून मारुती घेतली तेव्हा ते हादरले. बाई बँकेत नोकरीला. वय त्रेपन्न. शिकताना त्यांनी एक फाटक, दोन कुंड्या आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या सुब्बा मास्तरांची झोप एवढं मोडलं, पण लायसन्स पहिल्या फटक्यात मिळवलं. मग एक दिवस जेवताना त्यांनी नकाशा उलगडला. वरणाची वाटी त्यांनी बंगालच्या उपसागरावर ठेवली.

"कुन्नूर, उटी, महाबळेश्वर, कच्छचं छोटं रण, माउंट अबू, जैसलमेर," त्या म्हणाल्या. "थंड हवेची गावं आणि वाळवंटातली अभयारण्यं. आपण दोघंच. गाडी मी चालवणार."

"आणि मी काय करणार?"

"तुम्ही नकाशा धरा."

चौतीस वर्षं सरकारी शिक्का मारलेला माणूस आता नकाशा धरणार! दत्तोपंतांना ते लागलं. पण लागलं असं म्हणायची पद्धत त्यांच्या घराण्यात नव्हती. म्हणून ते म्हणाले, "बघू." या एका शब्दावर त्यांनी आजवर काश्मीर, नेपाळ आणि मेहुणीच्या मुलीचं बडोद्याचं लग्न अशा तीन सहली हाणून पाडल्या होत्या. या वेळी मात्र विद्युलताबाईंनी तो शब्द ऐकलाच नाही. त्यांनी रजा मंजूर करून घेतली, खोल्या ठरवल्या आणि निघायचा दिवस जाहीर केला. एकवीस जानेवारी, रविवार, पहाटे पाच.

दत्तोपंतांपुढे प्रश्न उभा राहिला. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि जायचीही नव्हती.

उत्तर भिंतीवर टांगलेलं होतं. रोज एक पान फाडायचं ते तमिळ कॅलेंडर वाण्यानं फुकट दिलेलं. त्यात राहुकाळ, यमगंडम अशा अशुभ वेळा आणि कुठल्या दिशेला आज शूल आहे हे छापलेलं असतं. दत्तोपंतांनी आजवर त्याचा उपयोग फक्त फाडलेल्या पानावर दाढीचा साबण पुसायला केला होता. पण त्या मंगळवारी त्यांनी चष्मा लावून रविवारचं पान उचकटून पाहिलं. रविवार, शूल पश्चिमेला. आणि कुन्नूर कुठे? पश्चिमेला. दत्तोपंतांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः जाऊन कॉफी केली.

"रविवारी पश्चिमेला निघता येणार नाही," त्यांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. "दिशाशूल आहे."

विद्युलताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना पंख्याचा आवाज कुठून येतो ते शोधत होता.

"मग?"

"प्रस्थान ठेवावं लागेल."

प्रस्थान म्हणजे तसं सोपं काम. निघायचा दिवस वाईट असला तर आदल्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एक पिशवी जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण शास्त्राप्रमाणे तेव्हाच निघालो. मग प्रत्यक्ष निघताना ती उचलायची आणि पुढे जायचं. दत्तोपंतांनी सगळे नियम जुन्या पंचांगातून वाचून दाखवले. पिशवीत प्रवासाला लागणारी वस्तूच हवी. एकदा ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणायचं नाही. आणि ते उचलल्याशिवाय पुढे जायचं नाही. हा शेवटचा नियम पंचांगात नव्हता. तो त्यांनी वाचता वाचता घातला.

पश्चिमेचं शेजारचं घर त्रिपुरसुंदरी अक्कांचं. तंजावरी मराठी बाई, सत्तरीची, दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीची मराठी बोलणारी आणि मधेच तमिळमध्ये रागावणारी. शूल ऐकून त्या हसल्या.

"पंत, येवढ्याला प्रस्थान कसाला? पश्चिमेच्या शूलाला वेल्लम खायाचें, इतकेंच. गूळ हो, गूळ! तोंडांत घाला आणि बेगीन निघा."

"नाही अक्का, शास्त्र म्हणजे शास्त्र," दत्तोपंत म्हणाले.

"सरी. ठेवा. पण मी शनवारीं सांजचें कुन्नूराला जातें, भाच्याच्या लेकीचें लग्न आहे. पांच दिवस घर बंद. ठावें आहे न्हवं?"

दत्तोपंतांना ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी अक्कांनीच त्यांना पत्रिका दाखवली होती, आणि सगळा बेत त्या पत्रिकेवरच उभा होता. "हो हो, त्याआधी उचलतो," असं काहीतरी ते मिशीत पुटपुटले.

शनिवारी सकाळी त्यांनी आपली कारखान्यातली जुनी रेक्झिनची पिशवी काढली. तिच्यात गाडीचं आरसी बुक, विम्याचा कागद आणि बायकोचं लायसन्स घातलं, चेन ओढली आणि पिशवी पाटावर ठेवून ते अंघोळीला गेले. प्रस्थान न्हाऊन ठेवायचं असतं. एरवी पाच मिनिटांत बाहेर येणारा माणूस त्या दिवशी अर्धा तास स्तोत्रं म्हणत होता. येत होती ती दोनच, म्हणून ती फिरूनफिरून म्हटली. मग सोवळ्यातल्यासारखा चेहरा करून, राहुकाळ लागायच्या आत ते पिशवी अक्कांच्या देवघरात ठेवून आले.

रविवारी पहाटे पाच वाजता सामान गाडीत गेलं. पाच वाजून दहा मिनिटांनी दत्तोपंत अक्कांच्या दारासमोर उभे राहून कपाळावर हात मारत होते. "अरे देवा! कुलूप! काल लग्नाला जाणार होत्या त्या, पार विसरलो! आणि अगं, गाडीची कागदपत्रं, तुझं लायसन्स, सगळं त्या पिशवीत आहे!"

"लायसन्स प्रस्थानात?"

"प्रवासाला सगळ्यात जरूर ती वस्तू ठेवायची असते."

विद्युलताबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी थर्मासमधली कॉफी झाकणात ओतली आणि आपल्या घराच्या पायरीवर बसून प्यायल्या. दत्तोपंतांना वाटलं, धक्का बसलाय बिचारीला. त्यांना जरा अपराधीही वाटलं. पण सुटकेचा आनंद मोठा होता. "पुढच्या वर्षी जाऊ," ते प्रेमानं म्हणाले आणि त्यांनी डिकीतली एक बॅग उतरवलीसुद्धा.

साडेसहाला घरातला फोन वाजला.

"पंत? मी मेट्टुपाळयम स्टेशनांतून बोलतें. तुमचें प्रस्थान मी संगें आणिलें. कुलपांत ठेवून कसें चालेल? प्रस्थान अडकूं द्यायाचें नोको, पाप लागतें. तुम्हीं कुन्नूराला येतां न्हवं? तेथें घ्या. घराला परत आणूं नोको म्हणून तुम्हींच सांगिट्लें की."

फोन स्पीकरवर नव्हता, पण अक्कांना फोनची गरजच नसायची. विद्युलताबाईंनी सगळं पायरीवर बसून ऐकलं. उठल्या, उतरवलेली बॅग परत डिकीत टाकली आणि स्टिअरिंगमागे बसल्या.

"लायसन्सशिवाय?" दत्तोपंत किंचाळले. "कायदा आहे काही!"

"प्रस्थान पुढे गेलंय. आपण शास्त्राप्रमाणे काल निघालोय. बसा."

आपणच आणलेल्या शास्त्रानं आपलाच गळा धरल्यावर माणूस काय करणार? दत्तोपंत बसले. बूट घातलेला उजवा पाय त्यांनी पुढे ताणला आणि जिथे ब्रेक असता तिथे दाबून धरला. तो पाय त्यांनी पुढे तीन हजार किलोमीटर उचलला नाही.

वेल्लोरपर्यंत त्यांनी नऊ पोलीस मोजले. सेलमजवळ मोजणं सोडलं, कारण खाकी पँट घातलेला पोस्टमन दिसला तरी त्यांना घाम फुटत होता. बायको गाडी चालवते ही भीती होतीच. आता त्यात बायको बिनालायसन्स गाडी चालवते ही भर पडली, आणि ही भर त्यांनी स्वतःच्या हातानं, अर्धा तास न्हाऊन, घातली होती. कुन्नूरच्या वळणांवर त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी डोंगरावर होती आणि विद्युलताबाई शीळ घालत होत्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांना शीळ येते हे दत्तोपंतांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लग्नघरी अक्का भेटल्या. पिशवी मात्र नव्हती.

"एकोजी घेऊन गेला," त्या अभिमानानं म्हणाल्या. एकोजी म्हणजे अक्कांचा दुसरा भाचा, पलटणीत हवालदार. त्याची जैसलमेरला बदली झाली होती. "तुमचें अखेरचें गांव तेंच न्हवं? मी म्हटलें, प्रस्थान पुढेंच जावें. कालचे रेलगाडीनें गेला. येवढें शास्त्र पाळणारा माणूस आजकाल कोठें मिळतो, म्हणून मी सगळ्यांला तुमचें नांव सांगिट्लें."

मांडवातल्या चार म्हाताऱ्यांनी दत्तोपंतांकडे आदरानं पाहिलं. एकीनं नमस्कार केला.

"पण अक्का, तुम्ही जाणार म्हणून—" दत्तोपंत तोंडातून निसटलेलं वाक्य परत गिळू पाहत होते, तोवर अक्का म्हणाल्या, "तेंच तर! मी जातें म्हणून तुम्हांला पत्रिका दाखविली, शुकरवारीं परत सांगिट्लें. तरी विसरलां. वय झालें, पंत."

दत्तोपंतांनी चोरून बायकोकडे पाहिलं. ती केळीच्या पानावरचा पोंगल मन लावून खात होती. ऐकलं नसावं, असं त्यांनी स्वतःला पटवलं. तसं पटवून घेण्यात ते पहिल्यापासून हुशार होते.

प्रवास पुढे सरकला आणि दत्तोपंतांच्या मनातली गोष्ट पोटातल्या गोष्टीसारखी वर येऊ लागली. सांगून टाकावं का? उटीला थंडी होती म्हणून सांगितलं नाही. कोल्हापूरला जेवण चांगलं होतं, मूड कशाला बिघडवायचा. साताऱ्याच्या अलीकडे एका पोलिसानं शिट्टी वाजवून गाडी बाजूला घ्यायला लावली तेव्हा त्यांचं काळीज बंद पडायचं राहिलं. विद्युलताबाई पर्स घेऊन उतरल्या, पोलिसाशी दोन मिनिटं बोलल्या आणि परत आल्या. पोलिसानं चक्क हात हलवला.

"काय सांगितलंस त्याला?"

"म्हटलं, यजमान आजारी आहेत. तुमचा चेहरा बघून लगेच पटलं त्याला."

महाबळेश्वरला त्यांनी पुन्हा मन घट्ट केलं. दरीच्या कठड्याशी उभं राहून ते म्हणाले, "विद्युलता, एक सांगायचं होतं."

ती पटकन वळली. सगळं काम सोडून ऐकायला उभी राहावी तशी उभी राहिली.

"टोपी घाल. वारा आहे," दत्तोपंत म्हणाले.

तिनं टोपी घातली. त्या दिवशी तिनं शीळ घातली नाही आणि का, हे त्यांना कळलं नाही.

कच्छच्या छोट्या रणात त्यांनी रानगाढवं पाहिली. सपाट, भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर ती देखणी, पिवळसर जनावरं. एक गाढव थांबून दत्तोपंतांकडे बराच वेळ बघत राहिलं. "ओळख पटली वाटतं," विद्युलताबाई म्हणाल्या. दत्तोपंत हसले. खरं तर त्या क्षणी त्यांना वाटलं, ही माझ्याबरोबर आहे आणि मी असं रण बघतोय, हे साठाव्या वर्षी का, तिसाव्या का नाही? उत्तर त्यांना माहीत होतं. तीस वर्षं ते 'बघू' म्हणत होते. अबूच्या घाटात हे सगळं सांगून टाकायचं त्यांनी ठरवलं. पण बायको वळणं घेत होती आणि वळणावर बोलायचं नसतं, हा नियम त्यांनी तिथल्या तिथे काढला.

जैसलमेरला छावणीसमोरच्या चहाच्या टपरीवर एकोजी हवालदार वाट पाहत होता. कडक इस्त्री, मोठी मिशी. त्यानं दोन्ही हातांवर रेक्झिनची पिशवी धरून आणली.

"अत्तेनें सांगिट्लें, वाटेंत उघडूं नोको, खालीं ठेवूं नोको. बर्थावर मी तिच्या उशाशीं निजलों," तो म्हणाला. सॅल्यूट ठोकून गेलासुद्धा.

दत्तोपंतांनी पिशवी मांडीवर घेतली. शहराबाहेर तासाभरावर वाळवंटातलं अभयारण्य होतं. फाटकाच्या अलीकडे विद्युलताबाईंनी गाडी मोकळ्या माळावर घेतली आणि बंद केली. वाऱ्यानं वाळू सरकत होती. दूर एक चिंकारा कान हलवून पुन्हा चरायला लागला.

"आत माळढोक दिसतो म्हणे," त्या म्हणाल्या. "फाटकावर कागद मागतील. उघडा पिशवी."

दत्तोपंतांनी चेनला हात लावला आणि काढून घेतला. आता कागद मिळाले की सगळं संपलं. कुणाला काही कळणार नाही. सुटलो! असं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी पिशवी तशीच बंद ठेवली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "अक्का जाणार हे. विसरलो नव्हतो. कुलूप लागावं म्हणूनच तिथे ठेवलं. शूलबिल मी मानत नाही. आपण निघूच नये, म्हणून केलं."

विद्युलताबाईंनी गाडीची किल्ली काढून मांडीवर ठेवली.

"तू धडकशील अशी भीती होती, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटंय. तू चांगली चालवतेस. मीच... कारखाना सुटला. तू नोकरीला जातेस, गाडी चालवतेस, पोलिसाशी बोलतेस. मला वाटलं, आता मी नुसतं सामान. डिकीत जागा नाही म्हणून पुढे ठेवलेलं." त्यांनी चष्मा काढला. "लाज वाटते गं मला. तीस वर्षांची वाटते."

विद्युलताबाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"उघडा," विद्युलताबाई म्हणाल्या.

त्यांनी चेन ओढली. आत आरसी बुक नव्हतं, विमा नव्हता, लायसन्स नव्हतं. लाल रंगात 'एल' लिहिलेली पत्र्याची पाटी होती. तिच्याखाली शिकाऊ लायसन्सचा अर्ज, बायकोच्या सुबक बँकेतल्या अक्षरात भरलेला. नाव, दत्तोपंत. वय, साठ. फोटो चिकटवलेला. सहीची जागा तेवढी कोरी.

"अर्धा तास अंघोळ?" त्या म्हणाल्या. "तुम्ही? सव्वीस वर्षं बँकेत काढली मी. आत काय आहे ते बघितल्याशिवाय कुठल्याच पिशवीला सील लावत नाही." त्यांनी पर्समधून लायसन्स काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. मागोमाग आरसी बुक आणि विमा.

"म्हणजे साताऱ्याला..."

"दाखवलं त्याला. मग काय डोळा मारला?"

"तीन हजार किलोमीटर!" दत्तोपंत ओरडले. चिंकारा पळाला. "तीन हजार किलोमीटर मेलोय मी इथे बसून! सांगता येत नव्हतं?"

"मला तेच विचारायचंय," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "रोज सकाळी वाटायचं, आज सांगतील. महाबळेश्वरला वाटलं, आलं आता ओठावर. तर टोपी घाल! मला फार वाईट वाटलं हो. लायसन्स लपवलंत याचं नाही. इतकी वर्षं शेजारी बसून तुम्हाला माझ्याशी बोलता येत नाही, याचं."

दत्तोपंतांनी चष्मा पुन्हा लावला. त्यांनी तिचा हात धरला. असा भर दिवसा, उघड्यावर, तो त्यांनी शेवटचा सप्तपदीला धरला होता.

"आणि सांगितलंच नसतं तर?" त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

विद्युलताबाईंनी पर्सचा आतला कप्पा उघडला. त्यात रेल्वेचं तिकीट होतं. जोधपूरहून, चेन्नईपर्यंतचं. प्रवासी एक, पुरुष, साठ. तारीख परवाची.

"मी एकटी परत आले असते. गाडीनं, सावकाश. वाटेत सगळं परत बघत."

दत्तोपंतांनी ते तिकीट दोनदा वाचलं. या बाईनं कॉफी पीत, पोंगल खात, शीळ घालत हे पर्समध्ये बाळगलं होतं. त्यांना कुठल्याही घाटात वाटली नव्हती इतकी भीती वाटली. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, गाडीच्या बॉनेटवर अर्ज ठेवला आणि कोऱ्या जागी सही केली. चौतीस वर्षं ठोकली तीच सही, पण या वेळी बाजूला व्हायची सोय नव्हती.

"आता फाडून टाक ते," ते तिकिटाकडे बोट दाखवून म्हणाले.

"राहू दे," विद्युलताबाईंनी ते घडी करून परत कप्प्यात ठेवलं. "परवापर्यंत बघू."

त्यांनी गाडी सुरू केली. दत्तोपंत शेजारी बसले. उजवा पाय सवयीनं पुढे सरकला. त्यांनी तो मागे घेतला, वाकून दोन्ही बूट काढले, मागच्या सीटवर टाकले आणि सीटवर मांडी घालून बसले. मग त्यांनी नकाशा उलगडून मांडीवर नीट धरला.

"फाटकातून आत गेल्यावर डावीकडे," ते म्हणाले.